कच्चा रंग, पक्का रंग

भिवंडी शहरात यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. येथील मागांची संख्या लाखांनी मोजतात. परंतु एक गोष्ट पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मागावरून उतरणारे बहुतेक कापड बिनरंगी, मळकट पांढरे असते. व्यापारी त्याला 'ग्रे' म्हणतात, म्हणजेच कोरे कापड. त्यावर रंग चढतो तो पुढे, दुसऱ्या कारखान्यांत. कापड विणणे ही एक विद्या आणि ते रंगविणे ही अगदी निराळी विद्या. पहिली आपल्या डोळ्यांसमोर चालते, म्हणून आपल्याला तिचे कौतुक वाटते. दुसरी पडद्याआड राहते. ह्या पाठात आपण तिचा थोडा परिचय करून घेऊ, आणि तोही सुताच्या नव्हे, तर लोकरीच्या निमित्ताने. असे का, ते पुढे कळेल.

महाराष्ट्रात लोकर म्हटली की धनगर आणि घोंगडी आठवते. आपल्या कोरड्या पठारावरची दख्खनी मेंढी ही काटक जात आहे. तिची लोकर राठ असते. काश्मिरी शालीचा मऊपणा तिच्यात शोधू नये. परंतु पावसाळी वाऱ्यात, शेताच्या बांधावर बसून रात्र काढावयाची असेल, तर शालीपेक्षा घोंगडीच बरी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल शोषून घेते, तरी हाताला ती ओली लागत नाही. एकदा पुरती भिजली मात्र वाळता वाळत नाही. फार दिवस रेंगाळणाऱ्या कामाला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो, ते ह्यावरूनच.

वर्षातून साधारणपणे दोनदा मेंढ्यांची लोकर कातरतात. कोकरांची पहिली लोकर ती जावळ. तिची घोंगडी सर्वांत मऊ आणि अर्थातच सर्वांत महाग. कातरलेली लोकर पिंजावयाची, घरच्या बायकांनी तिचे सूत काढावयाचे, आणि मग सनगर समाजाच्या विणकरांनी ती खड्ड्याच्या मागावर विणावयाची, अशी ही परंपरा. विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. ह्या साऱ्या खटाटोपात रंगाऱ्याला मात्र कोठेच जागा नाही. काळी मेंढी काळा धागा देते, पांढरी पांढरा, आणि तपकिरी तपकिरी. काळ्या घोंगडीला पांढरे काठ हवे असतील, तर विणकर पांढऱ्या मेंढीचा धागा घेतो. हा रंग देवाघरचा. तो न उन्हाने उडतो, न पाण्याने जातो.

असे असूनही महाराष्ट्रात वर्षातून एकदा लोकरीला रंग लागतो, आणि तो हजारो माणसांच्या हातांनी. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली नावाचे गाव आहे. तेथे विठ्ठल-बिरदेवाचे देऊळ आहे. बिरदेव हा धनगरांचा देव. सामान्यतः दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान त्याची यात्रा भरते, आणि महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही मेंढपाळ तिला येतात. ढोलांचा आवाज, कैताळांचा झणत्कार, धनगरी ओव्या आणि उंच धरलेल्या छत्र्या यांनी गाव भरून जाते. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून फरांडेबाबा पायी चालत येतात, तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि पुढील वर्षाचे पाऊसपाणी कसे असेल याची भाकणूक सांगतात. त्या वेळी भक्त जी उधळण करतात, तिच्यात खारीक-खोबरे असते, मुठी मुठी भंडारा असतो आणि लोकरही असते. ज्याचे धन लोकर, त्याने देवाला लोकरच वाहावी, हे किती स्वाभाविक आहे! क्षणभरात माणसे, रस्ता, देवळाची पायरी आणि हवेत उडालेली लोकर, सारे एकाच पिवळ्या रंगात न्हाऊन निघते.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. हळद लोकरीला तत्काळ रंगविते. ना उकळावी लागते, ना काही मिसळावे लागते. मग घरोघरी हळदीने रंगविलेली घोंगडी का दिसत नाही? कारण हळदीचा रंग कच्चा. चार दिवस उन्हात ठेवा, तो विटतो. साबण किंवा चुना लागला, की पिवळ्याचा तांबडा होतो. हळदीपासून कुंकू करण्याची आपली जुनी रीत ह्याच गुणावर आधारलेली आहे. यात्रेकरूला ह्याची खंत नसते. त्याला रंग त्या दिवसापुरता हवा असतो. परंतु ज्याला वस्त्र रंगवावयाचे आहे, त्याला तेवढ्याने भागत नाही. रंग देणाऱ्या वनस्पती रानात पुष्कळ आहेत. खरा प्रश्न रंग कोठून आणावा हा नसून, आलेला रंग धाग्यावर टिकवावा कसा, हा आहे. रंगाऱ्याची सारी विद्या ह्या एका प्रश्नात सामावलेली आहे.

आता भिवंडीकडे परत येऊ. भाताची कापणी झाली, की पारनेर, फलटण या बाजूंचे धनगर आपले कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणात, रायगड-ठाण्याच्या गावांत येतात. मोकळ्या शेतात ते रात्री मेंढ्या बसवितात. शेताला खत मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाळ्यापूर्वी ते पुन्हा घाट चढून जातात. फाल्गुन महिन्यात असाच एक वाडा आमच्या शाळेपासून काही कोसांवर उतरला होता. सातवीच्या मुलांना घेऊन मी तेथे गेलो. मुलांना कोकरे उचलून घेता आली, ह्याचाच त्यांना अधिक आनंद. मी पांढरी लोकर विकत मागितली, तेव्हा एक वृद्ध धनगरीण हसली. ती म्हणाली, "मास्तर, इकत कशाला घेताय? न्या तशीच. कातरणाऱ्याची मजुरीबी निघत न्हाई हिच्यात." तरीही आम्ही तिला पैसे दिले. तिने सूत काढून दाखविले, आणि शेवटी पांढऱ्या धाग्याच्या चार लडी आमच्या हातांत ठेवल्या.

त्या दिवसांत पळस फुललेला होता. पळसाला पाने तीनच, ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. पण फाल्गुनात ती तीन पानेही झडून जातात आणि झाड केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसते. ही फुले आपोआप खाली पडतात. झाडाला हात न लावता टोपलीभर रंग मिळतो, म्हणून शिकणाऱ्याने प्रारंभ पळसापासूनच करावा, असे माझे मत आहे.

पहिले काम लोकर धुण्याचे. मेंढीच्या लोकरीत नैसर्गिक तेलकटपणा असतो. तो गेल्याशिवाय रंगाचे पाणी धाग्यात शिरत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात लडी भिजवून ती हलक्या हातांनी दाबावी. चोळू मात्र नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. चोळले किंवा एकदम उकळत्या पाण्यातून गार पाण्यात टाकले, तर ते खवले एकमेकांत अडकतात आणि धाग्याचा गोळा होतो. नमदा ह्याच गुणाचा उपयोग करून बनवितात. आपल्याला मात्र येथे नमदा करावयाचा नाही.

दुसरे काम रंगबंधकाचे. शंभर ग्रॅम लोकरीला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. ती कोमट पाण्यात विरघळवून त्यात ओली लडी सोडावी. आच मंद ठेवून पाणी हळूहळू तापवावे, उकळी फुटू देऊ नये. पाऊण तास असे ठेवून पातेले आपोआप निवू द्यावे. तिसरे काम रंग काढण्याचे. लोकरीच्या वजनाइतकी किंवा तिच्या दुप्पट वाळलेली फुले पाण्यात उकळून पाणी गाळून घ्यावे, आणि त्यात लडी पुन्हा मंद आचेवर ठेवावी. ह्या कामाला लागणारी भांडी स्वयंपाकाला कधीही वापरू नयेत आणि चुलीजवळ कोणीतरी मोठे माणूस असावे.

आम्ही एक लडी कोरीच ठेवली, दुसरी तुरटीच्या पाण्यातून काढली, आणि तिसरी हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, अगदी थोड्या द्रावणातून. चौथी आम्ही पुढच्या प्रयोगासाठी राखली. मग तिन्ही लडी पळसाच्या एकाच पातेल्यात सोडल्या. तासाभराने त्या बाहेर काढल्या, तेव्हा मुले आश्चर्याने स्तब्ध झाली. कोरी लडी फिकट पिवळी झाली होती. तुरटीची लडी झेंडूसारखी लखलखीत होती. आणि हिराकसाची लडी पिवळी नव्हतीच. तिला शेवाळासारखा काळपट हिरवा रंग चढला होता. एका मुलाने विचारले, "सर, पातेले एक, फुले एक, मग रंग तीन कसे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर धाग्याच्या घडणीत आहे. लोकर हे प्रथिन आहे. आपले केस व नखे ज्या द्रव्याची बनलेली आहेत, त्याच जातीच्या द्रव्याची ती असते. ह्या प्रथिनाच्या लांब साखळीवर अशा कितीतरी जागा असतात, की जेथे इतर द्रव्यांचे कण येऊन चिकटू शकतात. कापूस हा सेल्युलोजचा. त्याच्यावर अशा जागा फार थोड्या. म्हणून लोकर रंग चटकन घेते आणि कापूस आढेवेढे घेतो. लोकर प्रथम हाती का घ्यावयाची, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. परंतु वनस्पतीतील बहुतेक रंगांचे लोकरीशीही घट्ट सख्य जमत नाही. ते वरवर टेकतात आणि धुतले की निघून जातात. तुरटीत ॲल्युमिनियम ही धातू असते. तिचा कण एका हाताने लोकरीला धरतो आणि दुसऱ्या हाताने रंगाच्या कणाला. दोघांच्या मध्ये असा दुवा सांधला, की रंग सहजासहजी सुटत नाही. हिराकसातील लोहही तेच काम करते. पण दुवा बदलला की प्रकाश शोषण्याची रीत बदलते, आणि आपल्या डोळ्यांना रंग निराळा दिसतो. म्हणून रंगबंधक हा नुसता डिंक नव्हे. रंग ठरविण्यातही त्याचा वाटा असतो.

कापसाचा अडसर आपल्या पूर्वजांनी कसा दूर केला, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी हिरडा वापरला. सह्याद्रीत, विशेषतः भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव या भागांत हिरड्याची झाडे विपुल आहेत आणि तेथील महादेव कोळी बांधव हिरडा गोळा करून विकतात. हिरड्यात तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, पुष्कळ असते. हे टॅनिन कापसालाही धरते आणि धातूलाही. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून, मग तुरटीतून आणि मग रंगातून काढले, की तो रंग पिढ्यान्पिढ्या टिकतो. हिरडा आणि हिराकस एकत्र आले, की गडद काळा रंग होतो. जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांना हे मिश्रण शाई म्हणून परिचयाचे होते.

हिंदुस्थानात ही विद्या किती जुनी असावी? सिंधूकाठच्या मोहेंजोदडो येथे १९२०च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा लहानसा तुकडा मिळाला. तपासणीत तो मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीने रंगविलेला आढळला. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ह्या भूमीतील रंगाऱ्याला कापसावर तांबडा रंग पक्का बसविता येत होता. मंजिष्ठा ही वेल महाबळेश्वरच्या परिसरात आजही आढळते. तिची पाने चारचारांच्या चक्रात येतात आणि खोड हाताला खरखरीत लागते. काष्ठौषधींच्या दुकानात तिचे वाळलेले तुकडे मिळतात. आमची चौथी लडी आम्ही तिच्यातच रंगविली. तुरटीमुळे तिला विटकरी तांबडा रंग आला.

ठाणे जिल्ह्यातील रानांत बारतोंडी नावाचे झाड दिसते. त्याची पांढरी फुले सुगंधी असतात. ह्याच कुळातील आल ह्या वनस्पतीच्या मुळांच्या सालीपासून पूर्वी तांबडा रंग काढीत, आणि विदर्भात त्यासाठी तिची मुद्दाम लागवड होई. शेंद्री ह्या झाडाच्या फळांवरील तांबड्या भुकटीने, म्हणजे कपिल्याने, रेशमाला केशरी रंग देत. (बागेत लावतात ती काटेरी बोंडांची शेंदरी निराळी, ती मूळची अमेरिका खंडातली. नामसादृश्यामुळे घोटाळा होतो, म्हणून सांगून ठेवतो.)

इतके सारे असताना ही विद्या मागे का पडली? त्याचे कारण एका तरुणाचा फसलेला प्रयोग. इ. स. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून हिवतापावरील क्विनाइन हे औषध कृत्रिम रीत्या बनवू पाहत होता. औषध बनले नाही. भांड्यात काळपट साका राहिला. तो धुऊन काढताना त्यातून सुंदर जांभळा रंग उतरला. पर्किनने त्याचा कारखाना काढला, आणि जगातील पहिला यशस्वी कृत्रिम रंग बाजारात आला. पुढे १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ विक्रीस आली. पाहता पाहता आलीचे मळे ओसाड पडले आणि निळीचा व्यापार बसला. कृत्रिम रंग स्वस्त होता, दरवेळी एकसारखा उतरे आणि ऋतूची वाट पाहावी लागत नसे. भिवंडीसारख्या शहराने रोज विणलेले कापड नुसत्या रानफुलांनी रंगवावयाचे म्हटले, तर सह्याद्रीवर फूल उरणार नाही. तेव्हा कृत्रिम रंगांना सरसकट दोष देणे मला पटत नाही.

परंतु त्यांचे मोलही आपण चुकवीत आहोत. रंगशाळांचे पाणी शुद्ध न करता सोडले, की नदी ज्या रंगाची होते तो कोणत्याही फुलाचा नसतो. भिवंडीतून वाहणाऱ्या कामवारी नदीचे प्रदूषण हा इथल्या लोकांच्या रोजच्या काळजीचा विषय आहे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की रानातला रंग म्हणजे निरुपद्रवी रंग, ही समजूत भाबडी आहे. तुरटी व हिराकस यांचे पाणीही ओढ्यात ओतावयाचे नसते. मंजिष्ठेची किंवा आलीची मुळे खणली, की वनस्पतीच संपते. पडलेली पळसफुले, गळालेला हिरडा, फेकून दिलेली डाळिंबाची साल यांचा रंग घेणे आणि मुळासकट झाड उपटून रंग घेणे, यांत फार मोठे अंतर आहे.

आणि लोकर? त्या धनगरणीचे बोलणे अतिशयोक्तीचे नव्हते. दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आहे. गिरणीतली स्वस्त ब्लँकेटे आली आणि घोंगडी मागे पडली. कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर तेथेच टाकून पुढे जातात. पुष्कळांनी आता माडग्याळ जातीच्या मेंढ्या पाळण्यास प्रारंभ केला आहे. ही मेंढी जत तालुक्यातली, उंचीपुरी. मटणासाठी तिला भाव चांगला येतो, पण तिच्या अंगावर लोकर अगदी थोडी. धनगराने पोट पाहू नये असे कोण म्हणेल? मात्र दख्खनी मेंढी कमी झाली, की जावळाची लोकर, सूत काढणारे हात आणि सनगरांचे माग हे सारे तिच्यामागोमाग जाते. अलीकडे काही कारागीर दख्खनी लोकरीच्या पिशव्या, आसने व गालिचे करू लागले आहेत. त्यांना काळ्या-पांढऱ्याखेरीज आणखी रंग हवे असतात, आणि पांढरी लोकर पळसाच्या किंवा मंजिष्ठेच्या पातेल्यात पडते ती तेव्हा.

आमच्या चारही लडींचे तुकडे आम्ही एका पुठ्ठ्यावर बांधले. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि पुठ्ठा वर्गाच्या पश्चिमेकडील खिडकीत ठेवला. पंधरा दिवसांनी कागद काढला. पळसाची कोरी लडी उघड्या बाजूला जवळजवळ पांढरी पडली होती. तुरटीची लडी बरीच फिकी झाली होती. पळस मुळात होळीचा रंग, त्याच्याकडून ह्याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हे. हिराकसाच्या लडीत फरक शोधावा लागला. मंजिष्ठेच्या लडीत मात्र झाकलेली बाजू कोणती आणि उघडी कोणती, हे ओळखण्याची मुलांमध्ये पैज लागली.